दप्तर कोणाच्या टेबलावर?

जिल्हा परिषदेच्या शाळांविषयी सोलापूर जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचा सूर एकच आहे: ‘तक्रार कुठं करायची?’ उत्तरांत मात्र तक्रारीपेक्षा कागद आणि तारीख यांवर जास्त भर दिसेल. शाळेचा कारभार चालतो तो त्यांवरच.

प्रश्न : आमच्या वस्तीवरच्या पाचवीपर्यंतच्या शाळेत ६४ मुलं आहेत. तीन शिक्षक होते, आता दोनच पदं मंजूर झाली म्हणतात. मुलं तेवढीच आहेत, मग पद कुठं गेलं?
— एक पालक, सांगोला तालुका

पद गेलं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते शासन ठरवतं त्या मंजुरीत. शिक्षक किती द्यायचे हे वर्गात बसलेल्या मुलांवर ठरत नाही. ३० सप्टेंबरला ऑनलाइन नोंदीत जी मुलं ‘वैध’, म्हणजे आधार जुळलेली दिसतात, त्यांच्यावर ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार आणि १२१ ते २०० ला पाच. म्हणजे तुमच्या ६४ पैकी चार मुलांचं आधार जुळलं नाही, तर पट ६० धरला जातो आणि तिसरं पद उडतं. चार मुलांच्या कागदांपायी अख्ख्या शाळेचा एक शिक्षक जातो. हे अन्यायाचं आहे, पण नियम आज असा चालतो.

आधार न जुळण्याची कारणं ठरलेली आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरात (प्रवेशाच्या मुख्य नोंदवहीत) एक नाव आणि आधारवर दुसरं, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, जन्मतारीख अंदाजे टाकलेली, मुलीच्या पुढं ‘पुरुष’ असं पडलेलं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं निळं बाल आधार ठशांशिवाय निघतं आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ठसे द्यावे लागतात. पहिलीतल्या बऱ्याच मुलांचं ते राहून गेलेलं असतं. आणखी एक कारण पटकन लक्षात येत नाही: मूल आधी तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत घातलेलं असतं, वर्षभरानं परत आणलेलं असतं, पण पोर्टलवर ते अजून जुन्याच शाळेत असतं. जुन्या शाळेनं ऑनलाइन सोडल्याशिवाय ते तुमच्या पटावर येत नाही.

दुरुस्ती कुठं करायची, हे चूक कुठं आहे त्यावर ठरतं. पोर्टलवर टाइप करताना चुकलं असेल तर मुख्याध्यापक दुरुस्त करू शकतात. आधार चुकलं असेल तर जन्मदाखला घेऊन आधार केंद्रावर जावं लागतं. जनरल रजिस्टरातच चूक असेल तर मुख्याध्यापकांना स्वतःच्या हातानं खोडता येत नाही. पुराव्यासह प्रस्ताव वर जातो आणि मंजुरीनंतरच नोंद बदलते. त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ती प्रकरणं जूनमध्येच वेगळी काढावीत.

न जुळलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडून घेऊन १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून उपयोग नाही, तोवर पट गोठलेला असतो. संचमान्यतेचे आदेश शासन अधूनमधून बदलतं, तेव्हा ऐकीव आकड्यांवर भांडू नका. आपल्या शाळेची त्या वर्षीची प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून मागून घ्या.

प्रश्न : शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालो आहे. सह्या करण्यापलीकडे आम्हाला अधिकार काय?
— माढा तालुका

अधिकार बरेच आहेत, पण ते इतिवृत्ताच्या वहीत नोंदवले तरच. समिती साधारण १२ ते १६ जणांची असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधूनच आणि मुख्याध्यापक सचिव. बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक हवेत, उरलेल्या तिघांत ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली गावातली व्यक्ती. मुदत दोन वर्षांची, बैठक दरमहा.

बिघडतं ते इथं: बैठक होतच नाही, वही घरोघर फिरते आणि सह्या गोळा होतात. वर्षाअखेर लेखापरीक्षणात एखादा खर्च निघाला की अध्यक्ष म्हणतो, ‘मला माहीत नव्हतं.’ सही असल्यावर त्या म्हणण्याला किंमत राहत नाही. विषयपत्रिका आधी मागा. एका विषयाला एक ठराव घ्या. त्यात क्रमांक, तारीख, सूचक, अनुमोदक आणि अंदाजे रक्कम असू द्या. ‘शाळेच्या विविध अडचणी सोडवाव्यात’ असा ठराव कुणी वाचत नाही. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार आणि पाण्याची ५०० लिटरची टाकी’ असं लिहिलं तर त्याचं अंदाजपत्रक होऊ शकतं. प्रत पंचायत समितीत आवक करा आणि पोच घ्या.

कायद्यानं समितीवर शाळा विकास आराखडा करण्याची जबाबदारी टाकली आहे. तो तीन वर्षांचा असतो आणि डिसेंबरअखेर तयार हवा, कारण पुढच्या वर्षाच्या मागण्या त्यानंतर वर जातात. मागच्या वर्षीचा आराखडा तारीख बदलून परत देणाऱ्या शाळा कमी नाहीत. आधी तो काढून वाचा.

प्रश्न : शाळेला वर्षाला किती पैसे येतात? खडूलाही पैसे नाहीत असं सर सांगतात.
— मोहोळ तालुका

शिक्षकांचा पगार शासनाकडून शालार्थ प्रणालीतून होतो, त्याचा गावाशी संबंध नाही. शाळेच्या हातात येतं ते समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान. ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, त्यापुढं १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,००० आणि १,००० पर्यंत ७५,०००. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. ६४ मुलांच्या शाळेला २५,००० म्हणजे मुलामागं वर्षाला साधारण ३९० रुपये. यातच खडू, रजिस्टरं, वीजबिल, नळाची तोटी, रंग. सरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

पण पैसे परत जातात, ती गोष्ट वेगळी. हल्ली रक्कम शाळेच्या खात्यात पडून राहत नाही. एकाच मध्यवर्ती खात्यातून शाळेला खर्चाची मर्यादा मिळते आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा काढून घेतली जाते. ती बऱ्याचदा हप्त्यांनी आणि उशिरा येते. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुकानदाराचा खाते क्रमांक चुकतो, साइट बसते, आणि गेले पैसे. उपाय एकच: खरेदीचा ठराव आणि दरपत्रकं आधीच तयार ठेवा, दुकानदाराची पोर्टलवरची नोंद आधी करून घ्या, म्हणजे मर्यादा आल्या दिवशी देयक काढता येतं.

वीजबिल हातात घ्या आणि दर कोणता लावलाय ते पाहा. शासकीय शाळेला ‘सार्वजनिक सेवा’ गटाचा दर असायला हवा. वाणिज्य लिहिलेलं असेल तर महावितरणच्या उपविभागात अर्ज द्या.

पत्रे बदलणं, नवी खोली अशी मोठी कामं या अनुदानातून होत नाहीत. त्यांचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जातो, बांधकाम उपविभाग अंदाजपत्रक करतो आणि पैसे जिल्हा नियोजन समिती, समग्र शिक्षा किंवा जिल्हा परिषदेच्या सेसमधून (तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून) येतात. जुनी खोली धोकादायक असेल तर आधी निर्लेखन करून घ्या, म्हणजे ती वापरातून बाद ठरवून कागदावरून कमी करून घ्या. निर्लेखन न झालेली खोली कागदावर ‘उपलब्ध वर्गखोली’ म्हणून मोजली जाते आणि नव्या खोलीची मागणी तिथंच अडते.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या खिचडीत डाळ शोधावी लागते. नक्की किती द्यायला हवी?
— एक आई, दक्षिण सोलापूर तालुका

पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम. हे सगळं कच्चं, शिजवण्याआधीचं वजन आहे. समजा आज लहान गटात ३८ आणि मोठ्या गटात २२ मुलं हजर आहेत. तर पातेल्यात ७ किलो १०० ग्रॅम तांदूळ, १ किलो ४२० ग्रॅम डाळ, ३ किलो ५५० ग्रॅम भाजी आणि ३५५ ग्रॅम तेल पडायला हवं. एवढ्या मुलांना दोन स्वयंपाकी मदतनीस मिळतात: पहिल्या २५ मुलांना एक, १०० पर्यंत दोन.

डाळ पातळ होते त्याची कारणं चोरीपेक्षा जास्त करून मापाची असतात. अनेक शाळांत वजनकाटा नसतो, तांब्यानं किंवा डब्यानं माप होतं. तांदूळ आणि डाळ एकाच डब्यानं मोजली की प्रमाण गेलंच. दुसरं, पोतं उतरताना वजन न करता पावतीवर सही होते. पोतं ५० किलोचं लिहिलेलं आणि काट्यावर दोन-तीन किलो कमी भरलं, तर तूट महिनाभर ताटात वाटली जाते. तिसरं, धान्यादी माल पुरवठादाराकडून येतो, भाजी मात्र शाळेनं विकत घ्यायची असते आणि तिचे पैसे मागाहून मिळतात. उधारी वाढली की भाजी आधी कमी होते.

तेव्हा समितीनं काटा घ्यावा, दोन वेगळी मापं ठरवावीत, माल उतरताना एका पालकानं हजर राहावं आणि पावतीवर प्रत्यक्ष वजन लिहूनच सही करावी. फळ्यावर रोजची हजेरी आणि शिजवलेलं धान्य लिहिलं की निम्मी भांडणं मिटतात. वाढण्याआधी अर्धा तास शिक्षकानं चव घेऊन नोंदवहीत लिहायचं असतं, ती वहीही मागून बघा. आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात सकाळी शिजवलेली खिचडी दुपारी मुलांबरोबर घरी पाठवू नका.

प्रश्न : आम्ही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातो. पोरांची शाळा बुडते, परत आल्यावर नाव कमी झालेलं असतं.
— मंगळवेढा तालुका

नाव कमी करू देऊ नका. निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेनं मुलाला वर्गात बसवायचं, जेवण द्यायचं. दाखला उशिरा आला किंवा नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. परतताना तिथल्या शाळेकडून हजेरी आणि मूल्यमापनाची नोंद कार्डावर करून आणा. ती नसली की पुढच्या वर्गाचा घोळ होतो.

आजी-आजोबा गावात असतील तर मूल मागं ठेवणंच बरं. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. शाळा व्यवस्थापन समितीच ते चालवते, पण किती मुलं राहणार याची यादी टोळ्या निघायच्या आधी जावी लागते. मुकादमानं उचल वाटली की यादी करायला बसा.

प्रश्न : चांगल्या शिक्षकांची बदली गावानं ठराव करून थांबवता येते का?
— करमाळा तालुका

नाही. बदल्या ऑनलाइन, सेवेच्या वर्षांवर आणि संवर्गांवर होतात. ठराव करायचाच असेल तर रिकाम्या जागेवर शिक्षक मिळावा म्हणून करा.

प्रश्न : आमची शाळा कन्नड माध्यमाची. पहिल्या दिवशी निम्मी पुस्तकं मराठीची आली.
— अक्कलकोट तालुका

पुस्तकांची मागणी यू-डायसमधल्या (शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतल्या) आकड्यांवरून जाते. गावात मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात असतील तर माध्यमाची नोंद हमखास चुकते आणि बालभारतीकडं मागणीच चुकीची पोचते. मुख्याध्यापकांसोबत बसून शाळेचं माध्यम आणि वर्गवार संख्या तपासा. हे आकडे आदल्या वर्षीचे वापरले जातात, म्हणून येत्या जूनसाठी आत्ताच बघा. यंदाची कमी पडलेली पुस्तकं केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटावर, म्हणजे केंद्रावर देखरेख करणाऱ्यांना) लेखी कळवा. शेजारच्या केंद्रात कन्नडची जादा पुस्तकं पडून असतील तर ती मिळवता येतात.