गोलकीपर ठेवावा की सोडावा?
क्रीडा सल्ला : वाचकांचे प्रश्न

नांदेडच्या गुरुगोविंदसिंगजी चषक स्पर्धेचा विषय निघाला की हॉकीवाल्यांची पत्रं वाढतात. यंदा बहुतेक पत्रं गोलकीपरवर आहेत. पहिली दोन एकाच क्लबमधून आली आहेत आणि एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत, म्हणून ती एकत्रच घेतो.

आमचा गोलकीपर अडतीस वर्षांचा. गेल्या सहा सामन्यांत अकरा गोल झाले. जालन्याचा एक संघ म्हणायलाय, तुमचा कीपर हंगामापुरता आम्हाला द्या, आमचा ड्रॅग फ्लिकर (पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकनं ओढून गोलवर फेकणारा) तुम्ही घ्या. राखीव कीपर एकोणीस वर्षांचा आहे, चपळ आहे. अर्धी पोरं 'देऊन टाका' म्हणायलीत. काय करावं?
— क्लबचा सचिव, नांदेड

ते अकराच्या अकरा गोल कीपरच्या माथी मारायलेत. निम्मे तर आमच्याच चुकीनं गेले. तो मागून ओरडतो म्हणून आम्ही जागेवर असतो. त्याला सोडलं तर सगळा बचाव उघडा पडंल, हे कुणी बोलायला तयार नाही.
— त्याच क्लबचा फुलबॅक

अकरा हा आकडा आधी बाजूला ठेवा. समजा सहा सामन्यांत गोलवर चाळीस फटके आले आणि अकरा आत गेले. म्हणजे कीपरनं साडेबहात्तर टक्के अडवले. त्यातला एक जरी कुणाच्या स्टिकला लागून वळला असेल, तर तेवढ्या एका फटक्यानं टक्केवारी अडीचनं सरकते. इतक्या थोड्या सामन्यांवरून कीपर संपला असं म्हणता येत नाही, आणि तो अजून भक्कम आहे असंही म्हणता येत नाही. बघायचं ते गोल कसे झाले ते.

एक वही करा. प्रत्येक फटक्यापुढे चार गोष्टी लिहा : फटका कुठून आला, पहिलाच होता की रिबाउंडवरचा (अडून परत आलेल्या चेंडूवरचा), वाटेत कुणाला लागला का, आणि त्या क्षणी कीपर उभा होता की पडलेला. अडवलेले फटकेही लिहा. नुसते गोल लिहिणारी वही कीपरच्या विरोधातच जाते. मोबाइलवर रेकॉर्डिंग असेल तर उत्तम, फक्त ते गोलच्या मागून किंवा डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) टोकाच्या रेषेतून केलेलं हवं. बाजूच्या स्टँडवरून कोन कळत नाही.

आता त्या वहीचा अर्थ लावू. रिबाउंडवर आणि कीपर पडलेला असताना झालेले गोल जास्त असतील, तर तो वयाचा परिणाम आहे. पहिला फटका पायानं अडतो, पण जमिनीवरून उठून दुसऱ्या खांबापर्यंत पोचायला वेळ लागतो. वयात सगळ्यात आधी हेच जातं. डिफ्लेक्शनचे (वाटेत लागून वळलेल्या चेंडूचे) आणि खांबाजवळ मोकळ्या सुटलेल्या खेळाडूचे गोल जास्त असतील, तर फुलबॅक म्हणतात ते खरं आहे, आणि तिथं एकोणीस वर्षांचा पोरगाही तेवढेच गोल खाईल. तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही : सगळे गोल एकाच बाजूला, खाली, पहिल्याच फटक्यावर. याचं कारण वय नसून बहुधा त्या बाजूच्या जांघेचं किंवा खुब्याचं दुखणं असतं. अदलाबदलीची बोलणी करण्याआधी फिजिओला दाखवा.

पेनल्टी कॉर्नरचा, म्हणजे बचावाच्या चुकीवर मिळणाऱ्या आणि गोलरेषेवरून चेंडू ढकलून सुरू होणाऱ्या संधीचा, हिशेब वेगळा करा. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. डीच्या टोकावरून, म्हणजे १४.६३ मीटरवरून ताशी १०० किलोमीटर वेगानं मारलेला फ्लिक साधारण अर्ध्या सेकंदात गोलरेषेवर येतो. कीपर साडेतीन मीटर पुढे आला तर त्याला सांभाळायची रुंदी सुमारे २.७८ मीटर उरते आणि उंची १.६३ मीटर. पण वेळही ०.५३ सेकंदावरून ०.४० वर येतो. तरुण कीपर हे अंतर धावत गाठतो आणि चेंडू सुटताना त्याचे पाय अजून हलत असतात. तिथंच गोल होतो. मुरलेला कीपर एक पाऊल कमी टाकतो, पण फ्लिक सुटण्याआधी दोन्ही पाय रोवून थांबलेला असतो. तुमचा कीपर फ्लिकच्या क्षणी स्थिर असतो का, हे रेकॉर्डिंग थांबवून बघा. असेल तर कॉर्नरवर तो अजून दोन वर्षं चालेल.

मग दोघांची एकाच दिवशी, आपापल्या मापाच्या किटमध्ये चाचणी घ्या. डीच्या टोकावरून वीस फ्लिक, दहा डावीकडे खाली, दहा उजवीकडे खाली, आणि क्रम कीपरला सांगायचा नाही. त्यानंतर डाव्या कुशीवर आडवं पडून उठायचं आणि उजव्या खांबाला ग्लोव्ह लावायचा; मग उलट बाजूनं. मोबाइलच्या स्लो मोशनवर वेळ घ्या. दहा मिनिटं जोरात सराव झाल्यावर हेच पुन्हा करा. पहिल्या वेळेत ज्येष्ठ थोडा मागे राहणारच. दमल्यानंतरच्या वेळेत तो किती घसरतो आणि पोरगा किती, त्या फरकाला किंमत आहे.

उरला अदलाबदलीचा सौदा. ड्रॅग फ्लिकर एकटा येऊन काही करत नाही. चेंडू आत ढकलणारा, थांबवणारा आणि फ्लिक करणारा हे तिघांचं काम आहे, आणि मुरुमाच्या मैदानावर चेंडू उड्या मारत येतो, म्हणून थांबवतानाच निम्मे कॉर्नर वाया जातात. तुम्हाला सामन्यात तीनपेक्षा कमी कॉर्नर मिळत असतील आणि बहुतेक सामने मातीवर असतील, तर जालन्याच्या त्या पाहुण्याला टर्फवर मिळतात तसे गोल इथं मिळायचे नाहीत. कीपर मात्र साठही मिनिटं मैदानात असतो. आमचं मत : या हंगामात देऊ नका. चाचणीत पोरगा उठण्यात आणि फ्लिकवर, दोन्हीत स्पष्ट पुढे निघाला तरच विचार करा, आणि तोही स्पर्धेची प्रवेशयादी जाण्याआधी. यादी गेल्यावर नाव बदलू देतात की नाही, हे त्या त्या आयोजकांच्या नियमावलीत वाचा. तोंडी आश्वासनावर कीपर देऊ नका.

भारताचा कीपर श्रीजेश छत्तीसाव्या वर्षी ऑलिंपिक खेळला. मग आमच्या चाळिशीच्या कीपरला लोक म्हातारा का म्हणतात?
— हॉकीप्रेमी, परभणी

पी. आर. श्रीजेशनं २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनविरुद्ध जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं : अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी सामना १-१ असा धरला आणि बरोबरी फोडायचं शूटआउट ४-२नं जिंकलं. पण त्याआधीच्या काळातलं एक बघा. कृष्ण बहादूर पाठकला त्याच्याबरोबर क्वार्टर (सामन्याचे चार भाग) वाटून खेळवलं जात होतं. ज्येष्ठाचा भार कमी झाला आणि धाकट्याला मोठ्या सामन्यांची सवय लागली. स्पेनला २-१ हरवून कांस्य मिळालं, श्रीजेश थांबला, तेव्हा पुढचा कीपर तयार होता. तुमच्या क्लबमध्ये हे दुसरं नाव कुठं आहे, ते सांगा. ते नसेल तर चाळीशीचा कीपर नाइलाज म्हणून खेळतोय, कौतुक म्हणून नव्हे.

राखीव कीपरला संधी कधी द्यावी? आम्ही शेवटची पाच मिनिटं देतो.
— प्रशिक्षक, बीड

पाच मिनिटांत त्याच्याकडे एकही चेंडू येत नाही, नाहीतर सगळेच येतात. पूर्ण क्वार्टर द्या, शक्यतो दुसरा. पंधरा मिनिटांत एक-दोन कॉर्नर मिळतात आणि मध्यंतरात लगेच बोलता येतं. बदल क्वार्टरच्या विश्रांतीतच करा. पेनल्टी कॉर्नर दिला गेला की तो संपेपर्यंत खेळाडू बदलता येत नाही, जखमी कीपरचा अपवाद सोडून.

आणि किट. मराठवाड्यातल्या बहुतेक क्लबांत दोघांत एकच किट असतं, तेही ज्येष्ठाच्या मापाचं. किकर, म्हणजे बुटावर चढवायचं फोमचं पायकवच, बुटाच्या मापावर ठरतो. नऊ नंबरच्या पायाचा किकर सात नंबरच्या पोरानं घातला तर टाच मागं सरकते, किकरचा पुढचा उतार बाहेर वळतो आणि चेंडू खांबाकडे जाण्याऐवजी थेट फॉरवर्डच्या पुढ्यात पडतो. मग म्हणायचं पोराचं क्लिअरन्स कच्चं! पैसे कमी असतील तर धाकट्यासाठी आधी हेल्मेट आणि किकर स्वतंत्र घ्या, लेगगार्ड नंतर. गळ्याचं, छातीचं आणि ओटीपोटाचं संरक्षण नसेल तर सरावालाही उभं करू नका. चेंडू १६० ग्रॅमच्या आसपासचा आणि टणक असतो.

जुना किकर अंगठ्यानं दाबून बघा. फोम लगेच वर यायला हवा. खळगा तसाच राहिला तर फोम मेलेला आहे. अशा किकरवरून चेंडू परत न उडता पायाशीच पडतो, आणि रिबाउंडचे गोल वाढतात. मे महिन्यात किट गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हानं फोम कडक होतो आणि वाकडा होतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. मुरुमावर आधी जातात ते खालचे पट्टे आणि बकल. किकरच्या तळाच्या पट्ट्यावर मोच्याकडून जाड चामड्याची पट्टी शिवून घ्या, हंगाम निघतो.

आमचा कीपर गावच्या मैदानावर भिंत आहे, पण संभाजीनगरला टर्फवर गेला की ढेपाळतो. बदलायचा का?
— हिंगोली

बदलू नका, शिकवा. मातीवर चेंडू टप्पे खात येतो, त्यामुळे कीपर थांबून दोन्ही पाय जोडून अडवतो, आणि ते बरोबरच आहे. ओल्या टर्फवर चेंडू सरळ आणि वेगानं घसरतो. पाय जोडेपर्यंत तो खालून जातो. तिथं एका पायानं, किकरचा आतला भाग बाजूच्या रेषेकडे वळवून, चेंडू खांबाच्या बाहेर घालवावा लागतो. समोर अडवला तर रिबाउंड थेट स्ट्रायकरकडे.

टर्फ मिळत नसेल तर शाळेच्या बास्केटबॉलच्या सिमेंट कोर्टावर उभ्यानं वळवण्याचा सराव होतो. आठ मीटरवरून पुश करा, हिट नको. दोन शंकू खांबाच्या बाहेर ठेवा आणि चेंडू त्यांच्या पलीकडेच जायला हवा. पडण्याचा सराव मात्र सिमेंटवर किंवा मुरुमावर करू नका, खुबा सडकून निघतो. तालमीतली मॅट आणा. सामन्याच्या आदल्या दिवशी एक तास तरी टर्फवर उभं राहायला मिळेल असं बघा.

पहाटे उठून एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) बघतो. तिथं नावाजलेला गोली (गोलकीपर) एकदम दुसऱ्या संघाला देऊन टाकतात, बदल्यात कधी काहीच येत नाही. हे काय गणित आहे?
— विद्यार्थी, लातूर

गणित पगाराच्या मर्यादेचं आहे. प्रत्येक संघाला सगळ्या खेळाडूंच्या पगाराची कमाल रक्कम ठरवून दिलेली असते. २०२५-२६ला ती ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. गोली एकच खेळतो, म्हणून दोन महागडे गोली ठेवणं परवडत नाही. मार्क-आंद्रे फ्ल्यूरीनं २०२१मध्ये सर्वोत्तम गोलीची वेझिना ट्रॉफी घेतली आणि त्याच जुलैत व्हेगसनं त्याला शिकागोला दिलं. बदल्यात आलेला खेळाडू एनएचएलमध्ये एकही सामना खेळलेला नव्हता. व्हेगसला हवी होती ती पगाराची मोकळी झालेली ७० लाख डॉलरची जागा. ज्याच्या भरवशावर फ्ल्यूरीला सोडलं तो रॉबिन लेनर पुढं दुखापतींनी बाहेर गेला, आणि तरी व्हेगसनं २०२३चा स्टॅनले कप (लीगचं विजेतेपद) जिंकला, तिसऱ्याच गोलीवर, एडिन हिलवर. त्यामुळे हा सौदा चूक की बरोबर, यावर दोन्ही बाजूंना पुरावा मिळतो. गोली विकणारा संघ त्याच्या पगाराचा निम्म्यापर्यंतचा भाग स्वतःकडे ठेवूनही व्यवहार करू शकतो. आणि करारात तशी अट असेल तर खेळाडू जायला नकार देऊ शकतो.

रागाच्या भरात सोडल्याचं उदाहरण मॉन्ट्रियलचा गोली पॅट्रिक रॉय याचं. २ डिसेंबर १९९५ला डेट्रॉइटनं मॉन्ट्रियलला ११-१ हरवलं. रॉयवर नऊ गोल होईपर्यंत प्रशिक्षकानं त्याला बाहेर काढलं नाही. चार दिवसांत तो कोलोराडोकडे गेला, आणि १९९६च्या जूनमध्ये कोलोराडोनं कप उचलला. मॉन्ट्रियलला १९९३नंतर आजपर्यंत तो मिळालेला नाही.

शूटआउटसाठी वेगळा कीपर उभा करता येतो का?
— उदगीर

बहुतेक स्पर्धांत येतो, नाव संघाच्या यादीत असलं म्हणजे झालं. पंचांना आधी कळवा. आक्रमक २३ मीटरच्या रेषेवरून सुरू करतो आणि त्याच्याकडे आठ सेकंद असतात. इथं ज्येष्ठ कीपरचा खरा उपयोग होतो, कारण घाईनं आडवा पडणारा हरतो. पहिल्या तीन सेकंदांत पुढं येऊन कोन कमी करायचा, मग थांबायचं आणि त्याला स्टिकच्या उलट्या बाजूला, म्हणजे रिव्हर्सवर, ढकलत न्यायचं. मुद्दाम पाय घालून आक्रमकाला पाडलं तर थेट पेनल्टी स्ट्रोक; नकळत झालं तर तो शूटआउट पुन्हा घेतात. साठ मिनिटं तरुण खेळला असेल तर ज्येष्ठाला चौथ्या क्वार्टरच्या शेवटी बाकाजवळ किट घालून गरम ठेवा. थंड पायानं उभा केला तर पहिले दोन आत गेलेच म्हणून समजा.