घरगुती स्क्रबरवर हिरवं शेवाळ धरत नसेल तर काय बदलावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: मडगावात घरी १५० लिटरची खाऱ्या पाण्याची माशांची टाकी, सम्पवर (टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीवर) स्वतः बनवलेला धबधब्याचा स्क्रबर (उभ्या जाळीवरून पाणी सोडून तिच्यावर शेवाळ वाढवायचं, म्हणजे ते पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट शोषून घेतं), २५ × २० सेंमीची जाळी, डब्यावर १००० लिटर लिहिलेला पंप, एकाच बाजूने पांढरा एलईडी. रोज फ्रोझन खाद्याचे दोन क्यूब. दोन महिने झाले तरी तपकिरी बुळबुळीत थरच येतो आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली उतरत नाही.

मोठा पंप घेऊ नका. आधी जाळी कापून लहान करा.

जाळीचा आकार टाकीच्या लिटरवर ठरवू नये, रोज किती खाद्य पडतं त्यावर ठरवावा. दोन्ही बाजूंनी उजेड असेल तर रोजच्या एका क्यूबला साधारण ७७ चौरस सेंमी जाळी पुरते. तुम्हाला १५५ हवी, लावलीत ५००. त्यामुळे पाणी आणि उजेड दोन्ही विरळ पसरतात आणि कुठेच पुरत नाहीत.

रुंदी ठरते पाण्यावर. दर सेंमी रुंदीला ताशी सुमारे ५० लिटर लागतं, म्हणजे तुमच्या २५ सेंमीला १२५० हवं. डब्यावरचा आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो, तेव्हा तुम्हाला मिळतंय ते १००० पेक्षाही कमीच. खरा आकडा काढणं सोपं आहे: स्क्रबरचा पाईप आहे त्याच उंचीवर धरून १० लिटरच्या बादलीत सोडा आणि घड्याळ लावा. ६० सेकंद लागले तर ताशी ६०० लिटर, म्हणजे जाळी १२ सेंमी रुंद आणि १३ सेंमी उंच. ४५ सेकंदांत भरली तर १६ × १० करा. जोराच्या पाण्याचं महत्त्व जुनं आहे. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी या पद्धतीचं पेटंट १९८२ साली मिळवलं. त्यांच्या स्क्रबरमध्ये बादली भरली की उलटून जाळीवर लाट सोडायची. शेवाळाला चिकटून असलेला पाण्याचा संथ थर हलत राहिला तरच त्याला नायट्रेट-फॉस्फेट नीट मिळतं.

जाळी भरतकामाच्या प्लास्टिक कॅनव्हासची, इंचाला ७ घरं असलेली घ्या. एकच थर. दोन थर लावले की मधलं शेवाळ अंधारात मरतं. गुळगुळीत कॅनव्हासवर शेवाळ मूळ धरत नाही, घसरून सम्पमध्ये पडतं. म्हणून दोन्ही बाजू हॅक्सॉ ब्लेडने आडव्या-उभ्या खरवडा, हात फिरवल्यावर नारळाच्या खवणीसारखी टोचेपर्यंत. बहुतेक घरगुती स्क्रबर इथेच कच्चे राहतात. खिडकीची मच्छरजाळी या कामाची नाही. पितळ, तांबं, जस्ताचा मुलामा असलेली तार किंवा स्क्रू कुठेही नको. झिप टायने बांधा.

पीव्हीसी पाईपची चीर ३ मिमी रुंद ठेवा आणि जाळीची वरची कड तिच्यात थोडी आत घाला. शेवाळ चिरेत शिरलं की पाणी एका बाजूला वळतं आणि शिंतोडे उडतात, म्हणून चिरेजवळ उजेड पडू नये अशी काळी पट्टी पाईपवर गुंडाळा.

दिवे दोन्ही बाजूंना हवेत, हे टाळता येणार नाही. ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी, सोबत थोडे निळे, जाळीपासून ८ ते १० सेंमीवर. लाल मिळाले नाहीत तर वॉर्म व्हाइट चालतात. नव्या जाळीला पहिले दोन आठवडे १० तास, मग १८ तास. बंदचे ६ तास दुपारी १२ ते ६ ठेवा: आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तेव्हाच पाणी सर्वांत तापतं, आणि रात्रभर स्क्रबर चालला की टाकीचा पीएच पहाटे फार उतरत नाही. दिवा आणि जाळीमध्ये ॲक्रिलिकची काच लावा, वायरला प्लगच्या खाली झोळ द्या आणि ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय हे चालवू नका. खारं पाणी आणि वीज, इथे तडजोड नाही.

सुरुवातीचे तीन-चार आठवडे तपकिरी थर येणारच. त्यानंतरही काळपट-तपकिरी राहिलं तर उजेड कमी पडतोय. पिवळट, रबरासारखं झालं तर उजेड जास्त किंवा पोषण (बहुधा लोह) कमी. दर ७ ते १० दिवसांनी जाळी काढून सिंकमध्ये नळाखाली धरा आणि जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. गोड्या पाण्याने शेवाळ खाणारे बारीक किडेही मरतात. पांढरी होईपर्यंत घासू नका, हिरवा पातळ थर राहू द्या. तीन आठवडे तसंच सोडलं तर आतली मुळं उजेडाअभावी कुजतात आणि गोळा केलेलं सगळं पुन्हा पाण्यात जातं.

पावसाळ्यासाठी दोन गोष्टी. वीज गेली तर दिव्याची चिंता नको, पण पंप इन्व्हर्टरवर हवा. जाळी पूर्ण वाळली असेल तर धुऊनच पुन्हा चालू करा. पंप थांबल्यावर पाईपमधलं पाणी सम्पमध्ये उतरतं, तेवढी जागा रिकामी ठेवा. दुसरं, समुद्राचं पाणी वापरत असाल तर जून ते सप्टेंबर मिरामार-दोनापावलाकडून आणू नका. मांडवी-जुवारीच्या पुराने ते पातळ आणि गढूळ झालेलं असतं, सोबत नायट्रेटही येतं. त्या महिन्यांत मत्स्यालयाचं सागरी मीठ (स्वयंपाकाचं नव्हे) कालवून रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या साधनावर) ३५ पीपीटी करा. बाष्पीभवनाची भर मात्र आरओच्या पाण्यानेच घाला. विहिरीच्या पाण्यात सिलिकेट असलं तर तपकिरी डायटम (सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ) हटणार नाहीत.

नायट्रेट आठवड्यातून एकदा, जाळी खरवडण्याच्या आदल्या दिवशी मोजा. फॉस्फेट उशिरा उतरेल, कारण खडक आणि वाळूने शोषलेलं फॉस्फेट हळूहळू बाहेर येत राहतं. तोवर खाद्य एका क्यूबवर आणलंत तर फरक लवकर दिसेल.