परदेशात स्वयंसेवक म्हणून वर्षभर राहिल्यावर रोजचा दिवस कसा जातो, आणि तिथे खरोखर मित्र होतात का?

आपण विचारले आहे की परदेशात स्वयंसेवक म्हणून गेलेल्या माणसाचा दिवस कसा जातो, आणि तिथल्या लोकांशी मैत्री होते की वर्षभर पाहुण्यासारखे बाजूला बसून राहावे लागते. यातल्या दुसऱ्या भागावरून माझा आणि माझ्या मावसभावाचा वाद २०२२ पासून चालू आहे, त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगते.

मी सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात जर्मनीत, स्टुटगार्टजवळ नेकार नदीकाठच्या एका गावातील वृद्धाश्रमात होते. तिथल्या सरकारी स्वयंसेवा योजनेतून गेलेल्या माणसाला सगळे ‘बुफ्दी’ म्हणतात. जर्मनीने २०११ मध्ये सक्तीची लष्करी सेवा स्थगित केली, तेव्हा लष्कराऐवजी रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत सेवा बजावणारी तरुण मुलेही मिळेनाशी झाली; ती उणीव भरून काढण्यासाठी १ जुलै २०११ पासून ही योजना सुरू करण्यात आली. हा इतिहास मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे ‘स्वयंसेवक’ म्हटले की त्याग, समर्पण अशी भाषा सुरू होते. त्यांना माणसे कमी पडतात आणि आपल्याला भाषा पक्की करायची असते, देश आतून पाहायचा असतो. खोली, जेवण, आरोग्यविमा आणि महिन्याला हातखर्च (मला चारशे युरोंच्या आत मिळत असे) असा तो सरळ व्यवहार आहे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. पंधरा दिवस पैसे भरून कुठल्या तरी गरीब देशातील शाळेच्या भिंती रंगवायच्या आणि मुलांसोबत छायाचित्रे काढून परत यायचे, या सहलींना मात्र मी स्वयंसेवा मानत नाही.

दिवसाचे सांगायचे तर सकाळची पाळी साडेसहाला सुरू होत असे. हिवाळ्यात त्या वेळी बाहेर मिट्ट काळोख असतो. उठवणे, तोंड धुण्यास आणि कपडे घालण्यास मदत करणे, न्याहारी भरवणे, ज्यांना पातळ पदार्थ नीट गिळता येत नाहीत त्यांच्या चहात पावडर घालून तो दाट करणे, चाकाच्या खुर्चीतून बागेत नेणे, स्थानिक वर्तमानपत्रातील निधनवार्ता मोठ्याने वाचून दाखवणे (ही फर्माईश रोज येत असे), आणि दुपारी कॉफीबरोबर केक वाढून झाला की घरी जाणे. औषधे आणि इंजेक्शने हे परिचारिकांचे काम. बुफ्दीने त्याला हात लावायचा नसतो. दर दुसरा शनिवार-रविवार कामावर जातो. सत्तावीस वर्षांखालील स्वयंसेवकांना वर्षात पंचवीस दिवसांची प्रशिक्षण-शिबिरे असतात. ती मजेची असतात, परंतु तिथे झालेल्या ओळखी शिबिराबरोबर संपतात. फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत आम्हा कर्मचाऱ्यांना मास्क सक्तीचा होता, त्यामुळे मार्चच्या पहिल्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या एका आजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहून, “तुमचे नाक लहान असेल असे मला वाटले होते,” असे निराशेने सांगितले.

आता मैत्रीविषयी. माझा मावसभाऊ स्टुटगार्टच्या पलीकडे एका मोटार-कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्या भागात पुण्या-चाकणहून गेलेले असे अभियंते पुष्कळ आहेत. मी पोहोचले त्याच आठवड्यात त्याने मला घरी जेवायला बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, जर्मन माणूस ओळखीचा होतो, मित्र होत नाही. दुसरी अशी की, फुकटात राबणाऱ्या मुलीशी कोणी बरोबरीने वागत नाही, त्यामुळे सुट्टीचा दिवस आपल्या मराठी मंडळींत घालवावा आणि बाकी वर्ष दात-ओठ खाऊन काढावे. तो तिथे सात वर्षे राहिला होता आणि मी सात दिवस, त्यामुळे त्या जेवणात मी गप्प बसले.

ऑक्टोबरात मला रस्त्यावर एक टेबल मिळाले. तिथे मोठा कचरा उचलण्याच्या आदल्या संध्याकाळी लोक नको असलेले फर्निचर फुटपाथवर काढून ठेवतात आणि ज्याला हवे तो ते घेऊन जातो. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे ते टेबल उत्तम होते, फक्त एक पाय खुळखुळत होता. आमच्या दुसऱ्या मजल्यावर शहाऐंशी वर्षांचे एक निवृत्त सुतार राहत असत. कंपवातामुळे त्यांना चमचाही नीट धरता येत नसे, आणि त्या रागामुळे ते दिवसभर कोणाशी बोलत नसत. न्याहारी भरवताना मी त्यांना सहज टेबलाचे सांगितले, तर त्यांनी तोंडातला घास गिळून पहिल्यांदाच मला प्रश्न विचारला: पाय खुंटीने बसवला आहे की स्क्रूने? मला ठाऊक नव्हते. पाहून या आणि उद्या सांगा, असा हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर छायाचित्र दाखवले, ते त्यांनी निरुपयोगी ठरवले आणि टेबलच घेऊन येण्यास सांगितले.

मग गाम्बियाहून आलेला आणि आमच्याच मजल्यावर शुश्रूषेचे प्रशिक्षण घेणारा एक सहकारी आणि मी ते टेबल उचलून, मुख्य परिचारिकेची परवानगी काढून, लिफ्टमधून हस्तकलेच्या खोलीत नेले. पुढचे काही बुधवार आम्ही दोघे पाळी संपल्यावर तिथे थांबत असू. आजोबा खुर्चीत बसून सांगत आणि आम्ही करत असू: जुना सरस पूर्ण खरवडून काढा, गरम पाण्याने भोक पुसा, एक दिवस वाळू द्या, नवी खुंटी आधी कोरडीच बसवून पाहा, शिकंजा इतका आवळू नका की सगळा सरस बाहेर येईल. एकदा खुंटी अगदी थोडी तिरकी बसली, तेव्हा त्यांनी ती आम्हाला पुन्हा काढायला लावली आणि त्या दिवशी केक खाण्यासही नकार दिला. काम संपले तेव्हा त्यांनी टेबलावर थरथरता तळवा दाबून ते हलवून पाहिले आणि आम्हा दोघांना सांगितले की, शिकाऊ म्हणून ठेवता येईल, पण पहिल्या वर्षाच्या पगारावर. शेवटपर्यंत आम्ही एकमेकांना अहो-जाहोच करत होतो. मावसभावाच्या मते जिथे अहो-जाहो आहे तिथे मैत्री नाही. माझ्या मते जो माणूस आपले काम धड झाले नाही म्हणून स्वतःचा केक सोडतो, त्याला मित्र म्हणण्यास व्याकरणाची आडकाठी नसावी.

जानेवारीत संस्थेच्या ज्या घरात माझी खोली होती तिथले खोल्या गरम ठेवणारे यंत्र बिघडले, आणि शनिवारपर्यंत खोली रिकामी करून गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवरच्या इमारतीत जावे, असे मला बुधवारी सांगण्यात आले. नवी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वाहतुकीची सोय आपली आपण करावी, असेही वर सांगण्यात आले, आणि ते अजिबात बरोबर नव्हते. मी मावसभावाला संदेश पाठवला. त्याचे उत्तर दहा मिनिटांत आले: सामान हलवणारे बोलाव, पैसे मी देतो, शनिवारी आमच्याकडे मंडळींचा कार्यक्रम आहे. हे त्याने प्रेमाने लिहिले होते याबद्दल मला शंका नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुट्टीत मी ही अडचण कामावर बोलून दाखवली. कोणी हळहळ व्यक्त केली नाही. माझ्याबरोबर रुजू झालेल्या एकोणीस वर्षांच्या जर्मन मुलीने डायरी काढली आणि वडिलांचा ट्रेलर आठ वाजता आणते म्हणून लिहून घेतले. हीच मुलगी एरवी माझ्याबरोबर कॉफी प्यायलाही तीन आठवड्यांनंतरची तारीख देत असे, आणि त्यावरून मावसभाऊ तिची थट्टा करत असे. शनिवारी पाऊस पडत होता. आठला दोन मिनिटे कमी असताना ती दारात होती. गाम्बियाचा मित्र रात्रपाळी करून तसाच आला. बोस्नियाहून वीस वर्षांपूर्वी आलेली आमची एक ज्येष्ठ परिचारिका चीज भरलेली सिर्नित्सा मोठ्या तव्यात भाजून घेऊन आली. मी मांस खात नाही हे मी तिला एकदाच, कधीतरी सप्टेंबरात, सांगितले होते. टेबल जिन्याच्या वळणावर अडकले, तेव्हा पाय काढायचा का, यावर चर्चा झाली आणि सुतार आजोबांना तोंड दाखवता येणार नाही म्हणून ते तिघांनी डोक्यावर घेऊन वर चढवले. साडेदहाला सगळे संपले. कोणी आभार मानू दिले नाहीत, पण तिथल्या रीतीप्रमाणे पुढच्या वेळी यांच्यापैकी कोणी घर बदलले तर मी हजर असले पाहिजे हे गृहीत होते, आणि जूनमध्ये मी गाम्बियाच्या मित्राचे कपाट चौथ्या मजल्यावर चढवले.

माझे म्हणणे एवढेच की तिथे मैत्री गप्पांतून सुरू होत नाही, बरोबर काम केल्याने होते, आणि म्हणून स्वयंसेवकाला ती अभियंत्यापेक्षा लवकर मिळते. माझ्या मावसभावाच्या कार्यालयात इंग्रजी चालते, घरी मराठी, शनिवारी पुन्हा मराठी. सात वर्षांत त्याला कोणाच्या घरचे कपाट उचलण्याची वेळ आली नाही. मित्र मिळत नाहीत ही तक्रार त्याने करू नये. आपण जाणार असाल तर पहिले तीन महिने सुट्टीच्या दिवशी आपल्या माणसांना शोधत फिरू नका. सकाळच्या सुट्टीत मोबाइल खिशात ठेवून कर्मचाऱ्यांच्या टेबलावर बसा, समजत नसले तरी बसा. मदत मागा. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली तर ती लिहून घ्या आणि वेळेवर पोहोचा.

फुकटात राबण्याविषयी तो जे म्हणाला त्याचेही उत्तर देते. सांगलीला एका मुंजीत त्याने पंगतीत जाहीरपणे सांगितले की ही जर्मनीला जाऊन म्हाताऱ्यांचे डायपर बदलत होती. हो, बदलत होते. गेल्या वर्षी त्याची आई, माझी मावशी, पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर घरी आणल्यावर तिला कुशीवर कसे वळवायचे, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी कशी द्यायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून किती वेळाने स्थिती बदलायची, चादर तिच्यासकट कशी बदलायची, हे घरात आणि नेमलेल्या बाईंना मी शिकवले. तो तिकडून व्हिडिओ-कॉलवर रोज मलाच विचारत असे, हेही त्याने पुढच्या पंगतीत सांगावे.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. माझे नशीब बरे होते, कारण स्टुटगार्टच्या परिसरात वृद्धाश्रमांतील पुष्कळ कर्मचारी बाहेरच्या देशांतून आलेले असतात. एखाद्या आडगावात, जिथे आपण एकटेच परके, तिथे वर्ष जड जाऊ शकते. आमच्याही मजल्यावर एका बाईंनी माझ्या रंगामुळे मला हात लावू दिला नाही आणि शेवटपर्यंत लावू दिला नाही. अशा वेळी भाषण करू नये. त्या खोलीचे काम दुसऱ्या सहकाऱ्याला द्यावे आणि वरिष्ठांना कळवावे. मराठी मंडळींकडे गणपतीला मीही गेले होते, मोदकही खाल्ले, आणि आजारी पडल्यावर वरण-भात मावसभावाच्या बायकोनेच पाठवला. माणसे जातात, हाही त्या कामाचा भाग आहे. सुतार आजोबा मी परतल्यानंतरच्या हिवाळ्यात गेले, ते मला बोस्नियाच्या मैत्रिणीने फोन करून कळवले.

व्यवहाराचे थोडे: जर्मन किमान बी-१ पर्यंत (म्हणजे भाषा-परीक्षांतील मधल्या पातळीपर्यंत) येत असल्याशिवाय वृद्धाश्रमात जाऊ नका, कारण दात काढून ठेवलेल्या माणसाचे स्वाबियन (त्या भागातील बोली) बोलणे पुस्तकातल्या जर्मनसारखे नसते. खोली कुठली, किती काळासाठी आणि बदलावी लागल्यास सामान कोण हलवणार, हे करारात लिहून मागा. या जागा मिळवून देतो म्हणून लाखांत पैसे घेणारे दलाल आपल्याकडे आहेत, त्यांना एक रुपयाही देऊ नका. संस्थांना थेट पत्र लिहिले की उत्तरे येतात. व्हिसाविषयी वेगळा प्रश्न विचारलात तर सविस्तर लिहीन. मैत्रीविषयी माझ्याकडे याहून वेगळे उत्तर नाही, आणि मावसभावाकडे असेल तर त्याने ते खाली स्वतःच्या नावाने लिहावे.