नॉर्वेत फ्लोमला जातोच आहोत, तर शेजारच्या उंद्रेदाल गावात थांबण्यात अर्थ आहे का? जूनमध्ये आईबाबा सोबत आहेत, दोघंही शाकाहारी.

आहे. आणि तिथे दहा-बारा घरांपलीकडे काही नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर तो बहुतेक माझा दादा असणार.

मी बर्गनला राहते, माहेर साताऱ्याकडचं. दादा-वहिनी एका टूरबरोबर इकडे येऊन गेले. फ्लोमहून गुडवांगेनला जाणारी बोट उंद्रेदालवरूनच जाते. दादाने डेकवरून एक फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, "बघा, गाव आलं आणि संपलं पण." त्यानंतर तीन वर्षं मी म्हणतेय आईला पाठव, आणि हा म्हणतो, "या वयात तिला तिथलं काय कळणार? डोंगर तर इथेही आहेत." शेवटी मीच जाऊन तिला घेऊन आले.

फ्लोमची रेल्वे आम्हीही केली. २० किलोमीटरांत ८६६ मीटर चढते, धबधब्यापाशी थांबते, सगळे उतरून फोटो काढतात. आई खिडकीला डोकं टेकवून झोपली. दादा जिंकला असं मला त्या क्षणी वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली. ई-१६ महामार्गावर दोन लांबलचक बोगदे आहेत, त्यांच्या मधल्या उघड्या तुकड्यात उंद्रेदालचा फाटा फुटतो. हा रस्ता झाला १९८८ साली. तोवर गावात यायचं-जायचं म्हणजे होडी, नाहीतर डोंगरातून पायी. वस्ती शंभराच्या आत, शेळ्या पाचशेच्या घरात. चर्च बाराव्या शतकातलं, लाकडी, जेमतेम चाळीस माणसं मावतील एवढं. बाहेरून साधा पांढरा रंग, म्हणून लोक पुढे निघून जातात. आत जा आणि मान वर करून छताची चित्रं बघा.

पण आई जागी झाली ती चीजपाशी. धक्क्याजवळ शेळीच्या दुधाचं चीज चाखायला मिळतं. पांढरं तिने तोंड वाकडं करून गिळलं. मग तपकिरी आलं. पातळ काप जिभेवर ठेवला, दोन क्षण गप्प, आणि म्हणाली, "अगं, ही तर खरवड!"

आजोळी खवा आटवायचे, तेव्हा कढईच्या बुडाला धरलेली खरवड कुणाला मिळणार यावरून तिची नि मामांची मारामारी व्हायची. आता या चीजचं काय असतं, की चीज केल्यावर जे पाणी उरतं (पनीरचं आपण कणकेत ढकलतो ते), ते फेकायचं नाही, तासन्‌तास आटवायचं. दुधातली साखर करपत करपत तपकिरी होते. शेवटी शेवटी सारखं ढवळावं लागतं, नाहीतर बुडाला लागलंच. मी हे भाषांतर करून सांगायच्या आत आईने हवेत कालथा फिरवून दाखवला. समोरची बाई सत्तरीची असेल. तिने मान डोलावली आणि स्वतःचा उजवा खांदा चोळून दाखवला. आईने आपला चोळला. मग दोघी हसत सुटल्या, आणि मी उगाचच मधे उभी.

तेव्हा आईबाबांना काय कळणार हा प्रश्न डोक्यातून काढा. तुम्ही तो विचारला नाहीये, मला माहीत आहे. पण "थांबण्यात अर्थ आहे का" विचारणाऱ्यांच्या मनात तो असतो.

दिवस किती? माझं ऐकाल तर फ्लोमला एक रात्र कमी करा आणि ती उंद्रेदालला द्या. मोठी क्रूझ लागली की त्या चिमुकल्या फ्लोममध्ये पाय ठेवायला जागा नसते. जूनमध्ये रात्री दहालाही लख्ख उजेड असतो, त्यामुळे घाई कशाचीच नाही.

हो, शाकाहाराचं राहिलंच. चीजसाठी दूध फाडायला रेनेट लागतं, ते पारंपरिक पद्धतीत वासराच्या जठरातून काढतात, आणि तपकिरी चीजचं पाणीही त्यातूनच आलेलं. सगळीकडे तसंच वापरतात असं नाही, पण कडक पाळत असाल तर आधी विचारा. आईला मी खाऊन झाल्यावर सांगितलं. ती म्हणाली, आधी सांगायचं नाहीस का? जेवणाचं म्हणाल तर तिथल्या भरवशावर राहू नका. थेपले, मेतकूट-भात, जे काय असेल ते बरोबर ठेवा. सीझन सोडून गेलात तर बरंचसं बंद मिळेल.

येताना आईने अर्धा किलो तपकिरी चीज साताऱ्याला नेलं. दादा म्हणाला, "हा तर करपलेला कंदी पेढा, कोण खाणार?" दादा, हे वाचत असशील तर, डबा चार दिवसांत कुणी संपवला ते वहिनीने मला सांगितलंय.