ऐरण म्हटले की हातोडा हवाच का?

प्रश्न असा आहे: भूगर्भातल्यासारख्या दाबाखाली खडक वितळवण्याच्या उपकरणाला ‘मल्टी-ॲनव्हिल प्रेस’ म्हणतात. त्यातल्या ‘ॲनव्हिल’ला ऐरण म्हणावे का? ऐरणीवर घाव घालतात, इथे तर घाव नाहीतच.

निःशंकपणे ऐरणच म्हणावे. घाव घालणे हे हातोड्याचे काम. ऐरणीचे काम सोसायचे आणि तसूभरही न दबण्याचे, आणि या उपकरणात नेमके तेच हवे असते. टंगस्टन कार्बाइडचे आठ घन एकमेकांना भिडवलेले असतात, प्रत्येकाचा आतला कोपरा छाटलेला. त्यामुळे मध्ये अष्टफलकी पोकळी तयार होते. तिच्यात मॅग्नेशियम ऑक्साइडचा ठोकळा बसतो, ठोकळ्याच्या पोटात नळीएवढी भट्टी आणि भट्टीत खडकाच्या भुकटीची इवलीशी कुपी. बाहेरून हायड्रॉलिक प्रेसचा जोर येतो आणि हे घन तो सगळा मधल्या ठोकळ्यावर एकवटतात. दाब सुमारे २५ गिगापास्कलपर्यंत जातो, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ अडीच लाख पट. म्हणून ‘बहु-ऐरण दाबयंत्र’ हा शब्द मला चोख वाटतो.

‘डायमंड ॲनव्हिल सेल’मध्ये तर दोन्ही बाजूंना ऐरणीच! अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९५८ साली हे उपकरण घडले. दोन हिऱ्यांची सपाट टोके समोरासमोर आणून त्यांच्यामध्ये नमुना धरायचा. टोक मिलिमीटरच्या अंशाएवढे, त्यामुळे हाताने स्क्रू पिळूनही प्रचंड दाब मिळतो. हिरा पारदर्शक असल्याने त्यातूनच लेसर सोडून नमुना तापवता येतो, वितळताना पाहताही येतो. याला ‘हिरा-ऐरण सेल’ म्हणावे. सेलचा ‘घट’ करू नये, विद्युतघट डोळ्यांपुढे येतो.

दाबाच्या प्रयोगांतल्याच ‘पिस्टन-सिलिंडर’ उपकरणात मात्र ऐरण शोधू नये, तिथे दट्ट्या असतो.

याच विषयातला ‘क्वेंच’ (तापलेली वस्तू एकदम थंड करणे) हा शब्द मात्र जपून हाताळावा. लोहाराच्या भाषेत त्याला ‘पाणी देणे’ म्हणतात आणि ते शब्दकोशातून सहज उचलले जाते. पण पाणी देतात ते पोलादाला कठीणपणा यावा म्हणून. प्रयोगात दाब तसाच ठेवून भट्टीची वीज तोडतात. काही सेकंदांत नमुना थंड होतो, शिलारसाला स्फटिक बनवायला सवड मिळत नाही आणि बहुधा त्याची काच होते. त्या काचेवरूनच शिलारसाची रासायनिक घडण मोजतात. इथे ‘झटकन गोठवणे’ हाच शब्दप्रयोग करावा.