प्लॅटिनमवर बुडबुडे लगेच, शिशावर का नाहीत?

प्रश्न : महाविद्यालयात आम्ही सौम्य सल्फ्युरिक आम्लात प्लॅटिनमची तार ऋणाग्र (विजेच्या ऋण टोकाला जोडलेले अग्र) म्हणून लावली, तेव्हा 2 व्होल्टवरच तिच्याभोवती बुडबुड्यांची झालर उभी राहिली. तार काढून शिशाची पट्टी लावली, तर एकही बुडबुडा दिसेना. आम्ल तेच, धनाग्र (धन टोकाचे अग्र) तेच, व्होल्टही तेच. मग हायड्रोजन गेला कोठे?
— बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. हायड्रोजन कोठे गेला नाही, तो तयारच झाला नाही. आम्लातील हायड्रोजनचा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला धनभारित अणू, आधी धातूकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि अणू होऊन पृष्ठभागाला चिकटतो. त्यानंतर शेजारचे दोन अणू जुळतात, किंवा दुसरा आयन येऊन त्या अणूशी संयोग पावतो, तेव्हा कुठे वायूचा रेणू सुटतो. म्हणून धातूची पकड किती घट्ट, यावर सारे अवलंबून असते. पकड फार सैल असली तर अणू पृष्ठभागावर टिकत नाही आणि फार घट्ट असली तर बसलेला अणू सुटत नाही. प्लॅटिनमची पकड या दोहोंच्या मध्ये नेमकी बसते. शिशाची व पाऱ्याची फारच सैल आहे.

हा फरक किती मोठा असावा? समतोल अवस्थेत पृष्ठभागावर दोन्ही दिशांनी चालणारी इलेक्ट्रॉनांची देवघेव प्लॅटिनमवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 मिलिॲम्पियर असते, शिशावर त्याच्या सुमारे शंभर कोटीव्या भागाइतकी. ही तूट भरून काढण्यासाठी शिशावर जवळजवळ 1 व्होल्ट जादा द्यावा लागतो, आणि तोच आपल्या 2 व्होल्टमध्ये शिल्लक नव्हता.

शिशाचा हा मंदपणा मला दोष वाटत नाही. घरच्या इन्व्हर्टरची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी त्याच्याच आधारावर टिकते, नाहीतर तिच्यातील शिसे आम्लात उभ्याउभ्या हायड्रोजन सोडत विरले असते. बॅटरीत बोअरचे पाणी घालू नका, असे दुकानदार बजावतो, त्यामागेही हेच एक कारण आहे : पाण्यातून आलेले काही धातू ऋण पट्टीवर बसले, की वायू सुटण्याला सोपी जागा मिळते आणि बॅटरी आपोआप उतरू लागते. उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत जिथे पोलादी बोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवतात, तिथे उलट काळजी असते. मुलामा चढताना सुटलेले काही हायड्रोजन अणू पोलादात शिरतात आणि कठीण बोल्ट ठिसूळ करतात, म्हणून ते नंतर सुमारे 200 अंश सेल्सियसला काही तास भट्टीत ठेवावे लागतात.

जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे युलियुस टाफेल यांनी शिसे व पारा यांच्या ऋणाग्रांवर काम केले आणि 1905 मध्ये दाखवून दिले, की जादा विभव (वर सांगितलेले जादा व्होल्ट) दर वेळी ठरावीक व्होल्टने वाढवला, की प्रवाह दर वेळी ठरावीक पटीने वाढतो. शिशावर प्रवाह दसपट होण्यास सुमारे 0.12 व्होल्ट लागतात. हे आपल्यालाही पडताळता येईल. धनाग्राचा हिशेब मध्ये येऊ नये म्हणून कॅलोमेल संदर्भ-अग्र (ज्याचे विभव स्थिर राहते असे, तुलनेसाठीचे तिसरे अग्र) वापरावे आणि धनाग्र प्लॅटिनमचे न ठेवता ग्रॅफाइटचे ठेवावे, कारण प्लॅटिनम किंचित विरघळून शिशाच्या पट्टीवर बसले, तर तीही बुडबुडे सोडू लागेल आणि मोजणी चुकेल.