चटणीची वही

चि. बाळ,

तुझा निरोप मिळाला. घरगुती कांदा-लसूण चटणी विकायला काढलीस, पहिल्या महिन्यात २२ किलो गेली (त्यातली एक किलो माझीच) आणि दुसऱ्या महिन्यात कशीबशी चार. म्हणून आता चौकात फ्लेक्स लावायचं मनात आहे म्हणे. थांब जरा. आपल्या कोल्हापुरात फ्लेक्सला काय कमी आहे? वाढदिवसाचे, तालमीचे, मंडळाचे, एकावर एक चढलेले. त्या गर्दीत तुझ्या चटणीच्या पाकिटाकडं कोण मान वर करून बघणार?

आधी हे सांग, पहिल्या महिन्यात घेतली कुणी? पाव्हणे, शेजारी, आईच्या भिशीतल्या बायका. चार माणसांच्या घरात एक किलो चटणी आठवड्यात संपत नाही. गिऱ्हाईक तुटलेलं नाही गं, डबा अजून भरलेला आहे. तो कुणाकडं कधी तळाला जाणार, हे तुला ठाऊक नाही, अडचण एवढीच आहे.

गंगावेशीजवळ मी मिरची कुटायचा डंक चालवला तेव्हा माझ्याकडं पाटीसुद्धा धड नव्हती. वही मात्र होती. एका घराला एक पान. घरात माणसं किती, रंगाची ब्याडगी मिरची किती, तिखट संकेश्वरी किती, खोबरं जास्त की तीळ, कांदा तळून की वाळवून, मीठ कुणी घालायचं. शाहूपुरीतल्या एका काकूंचं पान मला अजून पाठ आहे. ‘३ किलो. ब्याडगी २, संकेश्वरी १. सासऱ्यांना बीपी, मीठ निम्मं. थोरला पुण्याला, त्याचा १ किलो वेगळा, जाळ तिखट.’ शिमगा झाला की मिरचीची पोती घेऊन बाया यायच्या आणि ‘मागच्या वर्षी किती घातलं होतं हो?’ म्हणून डोकं खाजवायच्या. मी पान उघडून वाचून दाखवायची. स्वतःच्या घरचं प्रमाण दुसऱ्याच्या वहीत सापडलं की बाई दुसऱ्या डंकावर कशाला जाईल? आमच्यापेक्षा किलोमागं स्वस्त कुटणारे गल्लीतच होते.

तू तयार चटणी विकतेस, म्हणून तुझं पान थोडं वेगळं होईल. कधी नेली, किती नेली, तिखट वाटली की फिकी, रविवारच्या मटणाला वापरतात की रोजच्या आमटीला. श्रावणात मटण बंद झालं की कुणाचा खप निम्म्यावर येतो, तेही कळेल. त्या महिन्यात त्या घरी फोन करू नकोस. आषाढातल्या त्र्यंबोलीदेवीच्या यात्रेच्या आधी कर. आषाढात मंगळवार-शुक्रवारी गल्लोगल्ली जेवणावळी असतात, तेव्हा डबे भराभर खाली होतात.

फोनवर ‘ऑर्डर देताय का’ असं सुरुवातीलाच विचारायचं नाही. ‘यंदाची कशी वाटली?’ विचार आणि गप्प बस. लोक दहा मिनिटं बोलतात. त्यातलं निम्मं वहीत जायला हवं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट करणार असशील तर एक ध्यानात ठेव, समोरच्यानं तुझा नंबर सेव्ह केलेला नसेल तर तो मेसेज त्याच्याकडं पोचतच नाही. म्हणून पाकीट हातात देतानाच नंबर सेव्ह करून घे. आणि सकाळी उठून फुलांचे फोटो पाठवू नकोस, लोक वैतागतात. गच्चीवर मिरची वाळत घातलीस, देठ काढायला आई बसली, लसूण सोलून बोटं जळजळली, ते पाठव. महिन्यातून दोनदा पुरे.

पैसेच घालवायचे असतील तर पुड्यांवर घालव. तुझा भाव किलोला ६०० आहे, म्हणजे २५ ग्रॅमची पुडी १५ रुपयांची. शंभर पुड्या, दीड हजार. पण रस्त्यावर वाटत सुटू नकोस. ज्यांनी एकदा घेतली त्यांच्याच हातात दोन-दोन ठेव, एक त्यांना, एक ‘तुमच्या जावेला द्या’ म्हणून. कोल्हापुरात जावेपर्यंत गेलेली चटणी पेठभर होते. भाव मात्र उतरवायचा नाही. वजन झाल्यावर वर चिमूटभर जास्त घाल, आणि ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर घाल.

चुका होतील. एका एप्रिलात, ऐन गर्दीत, माझ्याकडून दोन डबे बदलले. दोन्हींची झाकणं पिवळी. जवाहरनगरची जाळ चटणी लाईन बाजारात बाळंतिणीच्या घरी गेली आणि त्यांची फिकी जवाहरनगरला. कळलं तिसऱ्या दिवशी. नुसती अदलाबदल केली असती तर खर्च वाचला असता, पण एका घरात उघडलेला डबा दुसऱ्या घरात कसा द्यायचा? पदरची मिरची घालून दोन्ही चटण्या नव्यानं कुटल्या, रिक्षानं स्वतः नेल्या आणि दारात उभी राहून ‘माझी चूक झाली’ म्हणाले. लाईन बाजारच्या आजींनी आत बोलावून चहा पाजला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही लेकींच्या सासरची मिरची माझ्याकडं आली. तेव्हापासून डब्याच्या अंगावर आणि झाकणावर, दोन्हीकडं नाव लिहायची सवय लागली.

२०१९ च्या महापुरात डंकात कमरेइतकं पाणी आलं. वही तेवढी वर माळ्यावर होती. पाणी ओसरल्यावर डंकाची मोटार दुरुस्तीला दिलेली, हाताला काम नाही, म्हणून वही काढून एकेकाला फोन लावत बसले. पाणी किती आलं, माणसं बरी आहेत ना, एवढंच विचारलं. विकायला काहीच नव्हतं. पुढच्या शिमग्यानंतर त्यातली बरीच माणसं ‘तुम्ही फोन केला होता’ म्हणत आली.

उधारीचं काय करायचं ते भेटल्यावर बोलू. तो विषय कागदावर लिहिण्यासारखा नाही.

रविवारी दुपारी ये. वही दाखवते, पण घरी न्यायची नाही. आणि येताना एक किलो घेऊन ये, संकेश्वरी जरा कमी घातलेली. आमचा डबा मंगळवारीच तळाला गेलाय आणि तुझा अजून फोन नाही.

तुझी,
मावशी